घोडखडपाच्या तिसऱ्या

“रस्सा नुसता पिऊ नको गो, तिसऱ्या खा. पोटातल्याला ताकद येते.”

आयेनं, माझ्या सासूनं, वाडगा माझ्यापुढे सरकवला आणि ती उंबऱ्यावर सूप घेऊन जवळा निवडायला बसली. तिची पाठ माझ्याकडे होती. मी एकेक शिंपली उघडून आतलं मांस चमच्यानं काढलं, दुपारच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात भरलं आणि वर पोळ्या ठेवून झाकण लावलं. रिकाम्या शिंपल्या मुद्दाम वाडग्यात वाजवल्या, म्हणजे खाल्ल्यासारखं वाटावं.

“संपलं?” तिनं मान न वळवता विचारलं.

“संपलं, आये.”

“बरा झाला गो बाय.”

स्टेशनच्या वाटेवर पुलाखाली एक कचराकुंडी होती. तिथं थांबून मी खालचा कप्पा रिकामा केला, पदरानं नाक पुसलं आणि कामावर गेले. असं मी आठवड्यातून दोनदा, तीनदा करत होते. मला पाचवा महिना लागला होता.

माझं माहेर तासगावच्या बाजूचं. वडील माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजायचं नाही. शिकायला मुंबईत मामाकडे आले, एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले, आणि रोज एकाच बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या मोरेश्वरशी लग्न करून माळुंडीच्या कोळीवाड्यात राहायला आले. बंदराच्या पूर्वेकडच्या काठाला, मिठागरं आणि तेलाच्या टाक्या यांच्यामधे कोंबून बसवल्यासारखी ती वस्ती होती. समोर खाडी. खाडीच्या दोन्ही अंगांना तिवरं, तिवरांच्या पुढे चिखल, चिखलापुढे बंदर आणि बंदरात नांगर टाकून उभी असलेली मोठाली जहाजं. मोरेश्वर बंदरातल्या एका लाँचवर इंजिन सांभाळायचा. सासरे मी येण्याआधीच गेलेले. घरात आम्ही तिघंच.

लग्नानंतर सहा महिने आयेनं माझ्यासाठी भाजीचं वेगळं पातेलं ठेवलं. एका शब्दानं कधी बोलली नाही. मग एके दिवशी जेवताना मीच तिच्या ताटातली एक तिसरी उचलून तोंडात टाकली. ती हसली नाही, काही नाही. हात धुऊन उठली आणि शेजारच्या चांगुणेला सांगून आली, “माझ्या सुनंनं म्हावरं खाल्लं.” दिवेलागणीपर्यंत साऱ्या कोळीवाड्याला ते कळलं होतं.

म्हणूनच मला तोंड उघडता येत नव्हतं.

प्रयोगशाळेतलं माझं काम तसं साधं होतं. बाटल्या धुवायच्या, ठिकठिकाणहून आलेला चिखल वाळवायचा, चाळायचा, आम्लात विरघळवायचा. मग गुप्ते मॅडम तो यंत्रातून काढायच्या आणि सांगतील तो आकडा मी उतरवून घ्यायची. त्या वर्षी बंदराला मिळणाऱ्या खाड्यांची पाहणी चालू होती. चौदा ठिकाणचा चिखल आणि तिथल्याच शिंपल्या दर महिन्याला यायच्या. सात नंबरची पिशवी माळुंडीच्या खाडीतली. बाकीच्यांचे आकडे मॅडम भराभर सांगायच्या. सातला मात्र थांबायच्या, चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, “पुन्हा लाव.” पुन्हा लावलं तरी शिसं तेवढंच निघायचं.

“शालन, तू तिथंच राहतेस ना?” एकदा त्यांनी विचारलं.

“हो मॅडम.”

“खाडीतलं काही खाऊ नकोस आता. मोठ्या माणसाला एक वेळ चालून जाईल. पोटातल्या जिवाला शिसं सोसत नाही.”

आदल्या वर्षी माझं एक मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. मॅडमना ते माहीत होतं.

घरी सांगायला हवं होतं. रोज ठरवायची. पण आये चिखलातून गुडघ्यापर्यंत काळी होऊन यायची, नळाखाली पाय धुवायची आणि आधी पाटीतल्या जाड जाड तिसऱ्या माझ्यासाठी वेगळ्या काढायची. नवरा गेल्यावर ह्याच चिखलात वाकून तिनं मोरेश्वरला वाढवलं, शिकवलं. ती खाडीला ‘खारी’ म्हणायची, आणि ते असं म्हणायची की जणू घरातलंच कोणी माणूस. तिला कसं सांगू, की तुझ्या खारीचं अन्न मी कचराकुंडीत टाकते?

मोरेश्वरला सांगायचं तरी हातात काही ठोस हवं, असं मग मनानं घेतलं. एका सकाळी पातेल्यात भिजत घातलेल्या तिसऱ्यांतल्या दहाबारा मी गुपचूप पिशवीत टाकल्या आणि प्रयोगशाळेत पंधरा नंबर घालून बाकीच्यांबरोबर लावून दिल्या. मनात म्हटलं, आकडा आला की कागदच त्याच्यासमोर धरीन.

आठ दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या समोर माझ्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या होत्या.

“हे पंधरा नंबर कुठलं? आपल्या यादीत नाही.”

मी खरं ते सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं.

“माळुंडीतल्या? शक्यच नाही.” त्यांनी एक शिंपली माझ्या हातात दिली. “सातच्या शिंपल्या काळपट असतात, पातळ. ही बघ, पिवळट पांढरी, किती जाड. आणि शिसं सातच्या दहाव्या हिश्शाइतकंही नाही. पूर्ण बंदरात एवढं स्वच्छ ठिकाण मी वर्षभर शोधतेय. तुझ्या सासूबाईंना विचार, कुठून आणल्या.”

ती शिंपली मुठीत धरून मी घरी आले. त्या संध्याकाळी आये देवळातल्या भजनाला गेलेली, आणि ती आली तेव्हा माझा डोळा लागला होता. सकाळी उठले तर ती निघूनही गेली होती. मी रजा टाकली.

नऊ वाजता चिखलात बायका दिसत होत्या. वाकलेल्या पंधरावीस पाठी. मी तिवरांपर्यंत गेले आणि आयेचं लुगडं शोधू लागले. चांगुणा पाटी घेऊन वर येत होती.

“कोनाला बघतेस?”

“आये कुठे दिसत नाही.”

चांगुणेनं पाटी खाली ठेवली. “तुझी सासू आमच्यासंगती कवा येते आता? तीन महिने झाले. आमची खारी तिला चालत नाय. बुधाजी नाखव्याच्या होरीत बसून घोडखडपावर जाते, राणीसारखी.”

घोडखडप म्हणजे बंदराच्या तोंडाशी असलेला खडक. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. आमच्या धक्क्यावरून तो दिसतही नाही.

“एवढ्या लांब? कशाला?”

“ते तिला इचार. आमाला बोलली तर खरी.”

चांगुणेच्या आवाजात राग होता, आणि थोडं दुखावलेपणही. तीस वर्षं त्या दोघी शेजारी शेजारी वाकल्या होत्या.

मी धक्क्यावर जाऊन बसले. त्या दिवशी चतुर्थी. तिथीच्या पाऊणपट तास की भरतीची वेळ, हे मला आयेनंच शिकवलं होतं. चारचे तीन. म्हणजे तीनला पूर्ण भरती, नऊला पूर्ण ओहोटी. बुधाजी नाखवा पहाटे तिला खडपावर उतरवतो, पुढे जाऊन जाळं ओढतो आणि दहाच्या सुमारास परत येताना तिला घेतो, असं चांगुणेनं सांगितलं होतं. साडेदहा झाले, अकरा झाले. चिखलातल्या बायका वर आल्या. पाणी तिवरांच्या मुळांना लागलं.

पावणेबाराला बुधाजी नाखवा आला, पण पाण्यावरून नाही. रस्त्यानं चालत आला. सत्तरीचा म्हातारा, अंगावरचा सदरा घामानं चिकटलेला.

“इंजिन बसलं,” तो लांबूनच म्हणाला. “टँकरच्या जेट्टीपुढं. प्रवाहानं मना पार पल्याड नेला, तथून एका लाँचनं ओढून दुसऱ्याच बंदरात टाकला. बसनं आयलो. गोमा तथंच हाय.”

गोमा म्हणजे आये.

“खडप कधी बुडतो?” मी विचारलं.

“एक वाजता कमरेइतका. मग...” त्यानं पुढचं सांगितलं नाही.

नाक्यावरच्या फोनवरून मी मोरेश्वरच्या कचेरीत लावून पाहिला. नुसता वाजत राहिला. परत आले तेव्हा चांगुणेनं आपल्या नवऱ्याच्या होडीचा दोर सोडलाही होता. तिचा नवरा बाजारात गेलेला. कोणाला विचारायला ती थांबली नव्हती.

“नाखवा, चढ. इंजिन नवा हाय, बंद परनार नाय.”

मीही पाय टाकला तशी तिनं माझा दंड धरला. “तू खय? पोटुशी बाई होरीत चढत नाय.”

“चांगुणामावशी, हात सोड.”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हात सोडला आणि आपल्या अंगावरची शाल काढून माझ्याकडे फेकली. “तिला गुंडाल. भिजलेली असंल.”

बंदर मी वर्षभर पिशव्यांवरच्या नंबरांतून ओळखत होते. आत कधी गेले नव्हते. होडी निघाली तेव्हा पाणी डांबरासारखं काळं होतं, आणि मोठ्या नाल्याच्या तोंडापाशी त्याला साबणासारखा फेस होता. पुढे तेलाच्या जेट्ट्यांपाशी पाण्यावर इंद्रधनुष्याचे पट्टे तरंगत होते. उग्र वास येत होता. मी शाल नाकाला लावली. बुधाजी नाखवा सुकाणूवर उभा होता आणि जहाजांच्या मधून वाट काढत होता. एकेका जहाजाची काळी-तांबडी भिंत आमच्या डोक्यावरून मागे सरकत होती.

“ती इथं का येते, नाखवा?”

“मना काय बोलली नाय. येवढंच बोलली, जिथं दर्याचं पानी धुतं तिथं मना सोड. आपल्या खारीत घान सुकतीला भायेर जाते, पन लांब जात नाय. भरती तिला परत आपल्याच दारात आनून सोडते. घोडखडपाला तसा नाय. तथं रोज दोनदा नवा पानी.”

मॅडमनी नकाशावर बाण काढून हेच मला समजावलं होतं.

जहाजं मागे पडली तसा पाण्याचा रंग बदलला. आधी राखाडी, मग मातकट, मग हिरवा. वारा खारट आणि स्वच्छ झाला. अर्धा तास झाला होता, पाऊण झाला. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. हात पोटावर होता आणि आतलं काहीच हलत नव्हतं, की मलाच ते कळत नव्हतं.

“ती बघ,” नाखवा म्हणाला.

मला आधी फक्त पाणी दिसलं. मग पाण्यात उभी केलेली एक काठी. मग कळलं की ती काठी नाही. आये कमरेच्याही वर पाण्यात उभी होती, डोक्यावर पाटी. पाटी तिनं पदरानं हनुवटीखाली बांधून घेतली होती आणि दोन्ही हात पाण्यात पसरले होते, लाटेनं तोल जाऊ नये म्हणून. ओरडत नव्हती. बंदराकडे तोंड करून नुसती उभी होती.

होडी जवळ गेली तशी तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा रागानं लाल झाला.

“बुधाजी! हिला कशाला आनलास? अक्कल गहाण टाकलीस काय?”

“आधी तू वर ये गोमा, मग शिव्या घाल.”

“पाटी धर आधी.”

त्यानं पाटी घेतली. मग आम्ही दोघांनी तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं. ती होडीच्या तळाशी बसली आणि कापायला लागली. दात वाजत होते. पायाला दगडांच्या धारेनं चिरा पडल्या होत्या. मी तिला शालीत गुंडाळलं आणि तिच्याजवळ खाली बसले. नाखव्यानं होडी वळवली.

“मी पोहले असते,” आये म्हणाली. “पन पाटी गेली असती.”

त्या वाक्यानं माझा बांध फुटला.

“आये, मी खाल्लं नाही,” मी म्हटलं. “ह्या खेपेला तू आणलेलं मी एकदाही खाल्लं नाही. डब्यात भरून नेते आणि टाकून देते. पहिल्या दिवसापासून.”

इंजिनाचा आवाज मोठा होता. तिला ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग ती म्हणाली,

“मना म्हाईत हाय.”

“माहीत आहे?”

“तुझा डबा कोन धुतं गो? मीच नं? खालच्या कप्प्याला वास येतो.”

“मग का आणत राहिलीस? एवढ्या लांब येऊन? जिवावर उदार होऊन?”

ती शालीच्या टोकानं तोंड पुसत राहिली.

“मागच्या टायमाला,” ती म्हणाली, “तुला दिवस गेले, तवा मी तुला आपल्या खारीतल्या तिसऱ्या घातल्या. दोन महिने, दिवसाआड. तू गुमान खाल्ल्यास. मग पोर गेलं. तू हास्पिटलातून आयलीस त्या दिवशी मोरूला बोललीस, ‘तुझ्या आईनं मला काय काय खाऊ घातलं, देव जाणे.’ मी पडवीत व्हते.”

मी हे बोलले होते. विसरलेही होते, किंवा विसरले असं स्वतःला सांगत आले होते. बोलल्यावर मोरेश्वर माझ्यावर चिडला होता, मी माफी मागितली होती आणि विषय तिथंच संपला होता. पण मनातून तो गेला नव्हता. ती वाडगा पुढे सरकवायची तेव्हा दर वेळी तेच वाक्य माझ्या आत उठायचं. कचराकुंडीशी थांबताना मी फक्त शिशाला भीत नव्हते. तिच्यावर रागही काढत होते.

“दुसऱ्यांदा तुला दिवस गेले,” आये म्हणाली, “तवा मी ठरवलं, आता आपल्या खारीतलं नाय. चांगला आनीन. तू टाकशील तर टाकशील. आज ना उद्या खाशील. एकदा जरी खाल्लास तरी बास.” मग तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “शालन, खरं सांग. तुमच्या यंत्रात दिसतं नं? मागचं पोर माझ्यानं गेलं?”

“डॉक्टर म्हणाले होते, गर्भच नीट धरला नव्हता. पुष्कळ बायकांचं होतं तसं.”

“डाक्टर काय बोलला ते नाय इचारत. तू सांग.”

खोटं सांगणं किती सोपं होतं. एक ‘नाही’ म्हटलं असतं तर ती सुटली असती.

“मला माहीत नाही, आये. कोणालाच सांगता यायचं नाही. शिसं खाडीत आहे, ते खरं. पण ते तू नाही घातलंस. आणि जे तुला माहीतच नव्हतं त्याचा दोष मी तुला दिला. तोंडावर नाही दिला, पाठीमागे दिला. ते माझं चुकलं.”

तिनं मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले, आता थंडीनं नाही. मी तिला जवळ ओढलं. तिचं ओलं डोकं माझ्या पोटावर आलं आणि त्याच वेळी आतून एक ठोसा बसला, चांगला जोराचा. तिलाही लागला असणार, कारण ती रडता रडता एकदम गप्प झाली आणि तिथंच कान लावून राहिली. बुधाजी नाखवा समोरच्या जहाजांकडे इतकं निरखून बघत होता की जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय.

त्या रात्री पाटीतल्या तिसऱ्या मी शिजवल्या, कारण आयेला ताप भरला होता. मीठ जास्त पडलं. मी दोन वाडगे खाल्ले, आणि मोरेश्वर पायथ्याशी बसून आईच्या पायांना हळद लावत होता. त्याला सगळं सांगितलं. तो मला काही बोलला नाही, तिलाही नाही. फक्त म्हणाला, “आये, खडपावर आता परत जायचं नाय.” तिनं ऐकलं. ती पुन्हा कधी गेली नाही.

पण ताप उतरल्यावर तिनं एक केलं, ज्याची मी कल्पनाही केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बायका चिखलातून वर येऊन धक्क्यावर पाट्या लावत होत्या. आये काठी टेकत तिथं गेली आणि मला सोबत घेतलं. “सांग,” ती मला म्हणाली. “यंत्रात काय दिसतं ते ह्यांना सांग.”

मी सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. बोलता बोलता बायकांचे चेहरे बंद होत गेलेले मला दिसले.

“म्हंजे आमी इष इकतो?” चांगुणा उभी राहिली. “गोमा, तुझी सून बाहेरची. तिला काय? पन तू? हे बाजारात पोचलं तर आमचं म्हावरं कोन घेईल? ज्या होरीतून तुला आनली ती कशाच्या पैशावर आयली, म्हाईत हाय नं?”

“म्हाईत हाय,” आये म्हणाली. “कुनी काय इकावं ते मी सांगत नाय. पोटुशी बायांना नि लहान पोरांना खारीतलं घालू नका, येवढंच बोलते. आनि मी सोता आता इथलं इकनार नाय.”

“मग काय इकशील? सुका जवला?”

“सुका जवला.”

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून ती बाहेरच्या बंदरावरून जवळा आणि सुके बोंबील घेऊन विकायला लागली. मिळकत अर्ध्यावर आली. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नळावर ती गेली की गप्पा थांबायच्या. चांगुणेनं तर आमच्या दोन घरांमधल्या पडवीत पाट्यांची उतरंड लावून आडोसा केला. आये घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. पण दुपारी ती उंबऱ्यावर बसायची ते त्या उतरंडीकडे तोंड करून.

मॅडमनी घोडखडप यादीत घातला. आये जिथं जिथं आयुष्यात वाकली होती त्या जागा तिनं मला सांगितल्या आणि मी त्या मॅडमना सांगितल्या. त्यांच्या अहवालात पुढे त्यातल्या सहा जागा आल्या. एका मोठ्या नाल्याचं तोंड काही वर्षांनी बंद झालं. खाडी त्यानं स्वच्छ झाली असं म्हणणं खोटं ठरेल. सातचा आकडा खाली आला, एवढंच. माझी मुलगी आज सव्वीस वर्षांची आहे आणि तिच्या आजीसारखीच हट्टी आहे. आये जाऊन अकरा वर्षं झाली. पण ह्या सगळ्याच्या आधीचा एक दिवस सांगायचा राहिला.

सातव्या महिन्यात आयेनं माझी ओटी भरायची ठरवली. मी नको म्हणत होते. “कोणी येणार नाही, आये. तुलाच वाईट वाटेल.”

“आमंत्रन देनं आपलं काम,” ती म्हणाली, आणि काठी घेऊन घरोघर फिरली. चांगुणेच्या दारातही उभी राहिली. आतून कोणी बाहेर आलं नाही. ती उंबऱ्यावर अक्षता ठेवून परत आली.

चार वाजता तिनं मला हिरवं लुगडं नेसवलं, कोळणीसारखं, घट्ट कासोट्याचं. वेणीत अबोलीचा गजरा माळला. पाट मांडला, चटया अंथरल्या, नारळ आणि तांदूळ ताटात ठेवले. शेजारी पातेलंभर गोड भात झाकून ठेवला. पन्नास बायकांचा भात.

पाच वाजले, सहा वाजले. बुधाजी नाखव्याची म्हातारी तेवढी आली, माझ्या ओटीत नारळ घातला आणि चटईच्या एका टोकाला बसून राहिली. मोरेश्वर दोनदा बाहेर जाऊन आला. पाटावर बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण उठायचा धीर होत नव्हता. उठले असते तर संपलंच असतं. आये चटयांच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत होती. सारख्या झालेल्याच पुन्हा करत होती.

दिवे लागले. मग पडवीत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, पाट्या एकीवर एक आपटल्यासारखा. दारात चांगुणा उभी राहिली. नवं लुगडं नेसलेली, नाकात नथ. तोंड मात्र तसंच आंबट. मागे तिची धाकटी सून होती, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, खाली मान घालून उभी. त्या दोघींच्या मागे अंगणात आणखी बायका होत्या, सहा-सात तरी. पुढे यावं की नाही हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

चांगुणेनं आयेकडे बघितलंच नाही. सरळ माझ्याशी बोलली.

“हिला तिसरा लागलाय,” ती म्हणाली. “मी काय खाऊ घालू नि काय नको, ते सांग.”

  आये चटईवरून जरा बाजूला सरकली आणि त्या पोरीचा हात धरून तिला माझ्या शेजारी बसवलं.